डर्ट बाइक मिसिंग करतेय? कार्बच्या स्क्रूला हात लावण्याआधी हे तपासा

फोर-स्ट्रोक गाडी मिसिंग करायला, म्हणजे अडखळत चालायला लागली की पहिला हात कार्बोरेटरच्या (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग, थोडक्यात कार्ब) स्क्रूकडे जातो. अर्धा फेरा आत, पाऊण फेरा बाहेर, मग आयडल (थ्रॉटल सोडल्यावर इंजिन जेवढं फिरतं तो वेग) वाढव, मग चोक ओढून बघ. तासाभराने मूळ बिघाड आहे तिथेच, आणि आधीचं सेटिंग काय होतं तेही कुणाच्या लक्षात नाही. खरा दोष मात्र बऱ्याचदा तुंबलेल्या एअर फिल्टरमध्ये, ढिल्या प्लग कॅपमध्ये नाहीतर टाकीतल्या शिळ्या पेट्रोलमध्ये असतो. म्हणून दोन पथ्यं पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि पाना उचलण्याआधी गाडी नेमकी कधी बिघडते ते पक्कं करा.

कधी बिघडते?

थ्रॉटलच्या मुठीवर आणि शेजारच्या हाउसिंगवर चिकटपट्टीचे तुकडे लावून बंद, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा करा. मग गाडी चालवून बघा. रेव्ह किती आहेत किंवा वेग किती आहे याला इथे महत्त्व नाही; थ्रॉटल किती उघडा आहे त्यावरून कार्बचा कोणता भाग काम करतोय ते ठरतं. बंद ते पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेट (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) आणि फ्युएल स्क्रू यांचं राज्य असतं. पाव ते पाऊणमध्ये नीडल (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारी सुई), आणि पाऊणच्या पुढे मेन जेट. मधल्या सांध्यांवर यांची हद्द एकमेकांत शिरते, पण निदानाला एवढं पुरतं. आयडलला थरथरणारी आणि पूर्ण थ्रॉटलला सुरेख पळणारी गाडी असेल तर मेन जेट बदलून हाती काही लागणार नाही.

दुसरी नोंद तापमानाची. थंड असताना बिघडते की तापल्यावर? तापल्यावर बंद पडून अर्ध्या तासाने निमूट सुरू होणारी गाडी बहुधा इग्निशनची तक्रार सांगत असते. थंड असताना सुरू व्हायला कुरकुरणारी, तापल्यावर बंद केली की पुन्हा किकच घेत नाही अशी गाडी इनटेक व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोल आत घेणारी झडप) घट्ट झाल्याचं सांगते.

तिसरी नोंद, कशी बिघडते. स्विच बंद केल्यासारखी तडक कापते आणि तडक परत येते, तर वीज. हळूहळू दम सुटत जातो, थ्रॉटल सोडून दोन क्षण थांबलं की परत जोर येतो, तर पेट्रोल पोचत नाहीये. हा फरक कानाला एकदा कळला की अर्धं काम झालं.

फुकटात होणारी तपासणी

टाकीतलं पेट्रोल किती जुनं आहे? महिना-दीड महिना पडून राहिलेलं असेल तर वाद न घालता काढून टाका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढून घेतं. फ्लोट बाउलखालचा (कार्बच्या तळाच्या पेट्रोलच्या वाटीखालचा) ड्रेन स्क्रू उघडून थोडं पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्या आणि मिनिटभर ठेवा. तळाशी पाण्याचे मणी किंवा वेगळा थर दिसला, तर टाकी, नळी आणि कार्ब तिन्ही साफ करावे लागतील.

टाकीच्या झाकणाची श्वासनळी चिखलाने बंद झाली की टाकीत निर्वात तयार होतो आणि दहा-पंधरा मिनिटांनी गाडी घुसमटून बंद पडते. बंद पडताक्षणी झाकण सैल करा. 'फुस्स' असा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर दोष सापडला. कार्बच्या ओव्हरफ्लो आणि व्हेंट नळ्यांचं तोंड चिखलात बुडालं की परिणाम असाच होतो. पाण्यातून गाडी काढल्यावर हे हमखास घडतं.

पेट्रोल कॉकला लावलेली नळी कार्बच्या बाजूने काढून भांड्यात सोडा. धार सलग यायला हवी. थेंब थेंब येत असेल तर कॉकवरची टाकीतली जाळी पाहा.

एअर फिल्टर फोमचा असेल तर तो पेट्रोलने धुऊ नका, कारण शिवणीवरचा डिंक सुटतो आणि बारीक धूळ थेट इंजिनात जाते. फिल्टर क्लीनरने किंवा साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, न पिळता दाबून पाणी काढा, पूर्ण वाळवा आणि मगच फिल्टर ऑइल लावा. ऑइल इतकंच की फोम सगळीकडे एकसारखा ओलसर दिसेल. दाबल्यावर थेंब पडत असतील तर जास्त झालं, आणि मिश्रण त्यामुळेच रिच होईल, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. गाडी आडवी पडून बराच वेळ तशीच राहिली असेल, किंवा इंजिन ऑइल खुणेच्या वर भरलं असेल, तर ब्रीदरमधून (इंजिनाच्या श्वासनळीतून) ऑइल एअरबॉक्समध्ये येतं. मग प्लग काळा, धूर निळा, आणि लोक जेट बदलत बसतात.

प्लग आणि वीज

प्लग काढण्याआधी त्याच्या खोबणीतली माती हवेने उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडेल. टोकाचा रंग पाहा. फिकट तपकिरी ठीक. कोरडी काजळी म्हणजे मिश्रण रिच, पांढरट आणि भाजलेला म्हणजे लीन (पेट्रोल कमी), ओला आणि चकचकीत म्हणजे ऑइल. मात्र चोकवर दहा मिनिटं उभ्या उभ्या चालवलेल्या गाडीचा प्लग काळाच निघणार, त्यावरून निष्कर्ष काढू नका. गॅप बहुतेक गाड्यांवर ०.७ ते ०.८ मिमीच्या आसपास असते, तरी मॅन्युअलमधला आकडा अंतिम माना. आणि एनजीके कंपनीच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा. शेजाऱ्याच्या गाडीतला प्लग केवळ आटे जुळतात म्हणून बसवू नका.

स्पार्क तपासताना प्लगची धातूची बॉडी हेडच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा, आणि प्लगच्या भोकापासून दूर ठेवा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. प्लगला असं अर्थिंग न देता किक मारली तर सीडीआय (इग्निशनचा इलेक्ट्रॉनिक डबा) जळू शकतो. निळा, कडक आवाजाचा स्पार्क हवा. मोकळ्या हवेत दिसणारा स्पार्क मात्र दाबाखालीही तसाच पडेल असं नाही. म्हणून समायोजित होणारा स्पार्क टेस्टर घेऊन गॅप ६ ते ७ मिमी ठेवा. तेवढी दरी स्पार्कने ओलांडली तर कॉइल आणि त्याच्या मागचा भाग बहुतेक ठीक आहे.

प्लग कॅप वायरवरून पिळून काढा. आत हिरवा गंज दिसला तर वायर ५-६ मिमी कापून कॅप पुन्हा पिळून बसवा. अनेक कॅपमध्ये ५ किलोओहमचा रोध असतो; मल्टिमीटरने मोजल्यावर आकडा अनंत किंवा भलताच दिसला तर कॅप बदला. मग अंधारात इंजिन चालू ठेवून वायरकडे पाहा, ठिणग्या उडत असतील तर वायर फुटली आहे. किल स्विचचं कनेक्टर काढून गाडी चालवून बघा. स्विचमध्ये पाणी गेलं की खड्ड्यात उडी मारताच मिसिंग होतं. कनेक्टर काढलेला असताना इंजिन कसं बंद करायचं ते आधी ठरवून घ्या. बहुतेकदा गिअरमध्ये ब्रेक दाबून क्लच सोडला की बंद होतं.

तापल्यावर मरणाऱ्या गाडीत स्टेटर (वीज तयार करणारी गुंडाळी) आणि पिकअप कॉइल (स्पार्कची वेळ कळवणारी) तापलेल्या अवस्थेतच मोजावी लागते. थंड असताना आकडा मॅन्युअलप्रमाणे बरोबर दिसतो आणि माणूस तिला निर्दोष सोडतो. गाडी बंद पडली की दोन-तीन मिनिटांत कनेक्टर सोडून रोध मोजा, आणि थंड झाल्यावर पुन्हा मोजा. तापल्यावर सर्किट पूर्ण उघडंच दाखवत असेल तर कॉइल गेली.

हवा कुठून शिरतेय?

थ्रॉटल सोडला तरी आयडल वर टांगलेलाच राहतो, सावकाश खाली येतो: याचा अर्थ कुठूनतरी जादा हवा येतेय. पहिला संशयित म्हणजे कार्ब आणि हेडमधला रबराचा बूट. क्लॅम्प घट्ट असला तरी रबराला आतून चीर गेलेली असू शकते. बूट काढून बोटांनी वाकवून पाहा. इंजिन आयडलला ठेवून बुटाच्या सांध्यांवर फवारणीच्या बाटलीने साबणाचं पाणी मारा. आयडल बदलला तर गळती तिथेच. कार्ब क्लीनर फवारून हीच चाचणी करणारे बरेच आहेत, पण तापलेल्या बेंड पाइपच्या (हेडमधून निघणाऱ्या एक्झॉस्ट नळीच्या) शेजारी ज्वलनशील फवारा मारण्याची गरज नसताना तो धोका घेऊ नये.

काही कार्बवर हॉट स्टार्टचं (तापलेलं इंजिन सुरू करताना जादा हवा सोडणारं) प्लंजर असतं. त्याची केबल ताणलेली राहिली तर प्लंजर किंचित उघडं राहतं आणि लक्षण हुबेहूब असंच दिसतं. केबलला थोडी मोकळीक हवीच. सायलेन्सरमध्ये थ्रॉटल सोडल्यावर फटाके वाजत असतील तर पायलट लीन असण्याआधी बेंड पाइप आणि हेडमधलं पॅकिंग गळतंय का ते पाहा. काळे डाग असतील तर तेच कारण. उतारावर एखादा-दुसरा फटाका मात्र निरोगी गाडीतही वाजतो.

कार्ब: पायलट जेट नीट साफ करणं म्हणजे काय

मिश्रण लीन आहे की रिच, याचा सोपा संकेत चोक देतो. तापलेल्या गाडीत बिघाड होत असताना चोक किंचित ओढा. सुधारली तर लीन, आणखी घुसमटली तर रिच.

आयडल आणि पाव थ्रॉटलच्या तक्रारींमध्ये दहापैकी बरेच वेळा पायलट जेटच गुन्हेगार असतं. केहिन कंपनीच्या पायलट जेटवर ४२ लिहिलं असेल तर त्याचं भोक अंदाजे ०.४२ मिमी असतं. टाचणीच्या टोकाएवढंही नाही, आणि सुकलेल्या पेट्रोलची एक पातळ साय त्याला पुरते. बाउल उघडण्याआधी फ्युएल स्क्रू हळूच आत पिळून बसेपर्यंत किती फेरे होतात ते मोजून लिहून ठेवा. बसला की थांबा; जोर दिला तर टोकाला खाच पडते नाहीतर टोक तुटून आतच राहतं. स्क्रू बाहेर काढताना त्यावर स्प्रिंग, मग वॉशर, मग बारीक ओ-रिंग असते. ओ-रिंग कधीकधी भोकातच चिकटून राहते, आणि तिच्याशिवाय बसवलेला स्क्रू हवा घेतो.

जेट काढून उजेडाकडे धरा. स्वच्छ जेटमध्ये गोल, तीक्ष्ण कडांचा ठिपका दिसतो. ठिपका अर्धचंद्रासारखा किंवा धूसर दिसला तर जेट अजून साफ झालेलं नाही. पितळ मऊ असतं, म्हणून लोखंडी तार किंवा ड्रिल घालू नका. भोक थोडं जरी मोठं झालं की त्यावर लिहिलेला आकडा खोटा ठरतो. कार्ब क्लीनरमध्ये अर्धा तास बुडवा, हवेने फुंका, आणि तरी अडलं तर विजेच्या वायरमधली तांब्याची एकच बारीक तार वापरा. जेटच्या अंगावरची आडवी भोकंही विसरू नका.

जेट साफ झालं तरी कार्बच्या बॉडीतली वाट तुंबलेली असू शकते. डोळ्यांवर गॉगल लावून फ्युएल स्क्रूच्या भोकातून क्लीनर मारा. तो पायलट जेटच्या जागेतून आणि थ्रॉटल स्लाइडजवळच्या इवल्या भोकांतून बाहेर उडाला पाहिजे. जिथून उडत नाही ती वाट बंद आहे.

फ्लोटची उंची मॅन्युअलप्रमाणे मोजा, आणि फ्लोट नीडलच्या रबरी टोकावर गोल खाच पडली असेल तर ती बदला. अशी नीडल पेट्रोल अडवत नाही, गाडी रिच होते आणि ओव्हरफ्लोमधून टपकते. केहिनच्या एफसीआर कार्बमध्ये स्लाइडवरची छोटी प्लेट उलटी बसली तर आयडल टांगतो. उघडताना फोटो काढून ठेवा.

जोडल्यानंतर फ्युएल स्क्रू दीड फेरा बाहेर ठेवून सुरुवात करा. गाडी पूर्ण तापवा, आयडल थोडा वाढवा, स्क्रू सावकाश फिरवत सर्वात जास्त आणि स्थिर रेव्ह मिळतात ती जागा शोधा, मग आयडल खाली आणा. ही जागा एका फेऱ्याच्या आत सापडत असेल तर पायलट जेट मोठं आहे. अडीच फेऱ्यांच्या पलीकडे गेली तर लहान आहे. इथे एक घोटाळा नेहमी होतो. इंजिनाच्या बाजूला असलेला स्क्रू पेट्रोल नियंत्रित करतो, तो बाहेर काढला की रिच. एअर फिल्टरच्या बाजूला असलेला स्क्रू हवा नियंत्रित करतो, तो बाहेर काढला की लीन. आधी आपला स्क्रू कुठला ते बघा.

थ्रॉटल एकदम उघडल्यावर क्षणभर घुसमटते आणि मग सुटते? ॲक्सिलरेटर पंप पाहा. इंजिन बंद असताना, एअर फिल्टर काढून थ्रॉटल उघडा: पेट्रोलची पिचकारी लगेच आणि सलग उडाली पाहिजे. उशिरा किंवा नुसती टपकत असेल तर डायाफ्राम फाटलाय किंवा नोझल तुंबलंय.

मधल्या थ्रॉटलसाठी नीडलवरची क्लिप एक खाच खाली सरकवली तर नीडल वर येते आणि मिश्रण रिच होतं. मेन जेटसाठी लांब, मोकळ्या पट्ट्यावर पूर्ण थ्रॉटल ठेवा आणि मूठ किंचित सोडा. त्या क्षणी गाडी उलट जोरात सुटली तर मेन जेट लहान आहे. चुकली, अडखळली तर मोठं. आणि उंच डोंगरावर नेलेली गाडी तशीच रिच होते, हवा विरळ असते म्हणून. तिथे जेट बदललं असेल तर खाली आल्यावर ते परत बदलायचं आहे हे लक्षात ठेवा.

इंजेक्शनची गाडी असेल तर

इथे कार्ब नाही म्हणून जेट नाहीत, पण तर्क तोच. आधी फॉल्ट कोड वाचा. पंपाचा दाब गेजने मोजा. बऱ्याच मॉडेल्सवर तो ३ ते ३.५ बारच्या आसपास असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. कमी असेल तर टाकीतला फिल्टर, आणि काही गाड्यांमध्ये क्विक-कनेक्टरमध्ये लपलेला बोटाच्या टोकाएवढा फिल्टर तपासा. कूलंटचा तापमान सेन्सर चुकला तर ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) इंजिन कायम थंड वाटतं आणि गाडी रिच चालते. थ्रॉटल बॉडीवरच्या रंगाने सील केलेल्या स्क्रूला हात लावू नका.

टॅपेट: सगळ्यात जास्त दुर्लक्षित

हवा, वीज, पेट्रोल सगळं बरोबर आणि तरी आयडल दमेकऱ्यासारखा? टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला उघडणाऱ्या यंत्रणेमधली गॅप, मोजा. रेसच्या गाड्यांमध्ये टायटॅनियम व्हॉल्व्हचा कठीण लेप घासून गेला की व्हॉल्व्ह सीटमध्ये वर चढतो, गॅप कमी होते आणि शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. आवाज येत नाही म्हणून लोक गाफील राहतात. सैल टॅपेट वाजतं. घट्ट टॅपेट गप्प बसून इंजिन खातं.

इंजिन पूर्ण थंड हवं. प्लग काढा, पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टॉप डेड सेंटरला (सर्वात वरच्या जागी) आणा. मॅग्नेटची (क्रँकच्या टोकावरच्या चुंबकी चाकाची) खूण जुळली पाहिजे आणि कॅमची नाकं व्हॉल्व्हपासून दूर वळलेली हवीत. नाहीतर तुम्ही एक्झॉस्ट स्ट्रोकवर आहात. फिलर गेजचं (ठरावीक जाडीच्या पत्र्यांचं मोजमाप) जे पान किंचित घसटत सरकतं तो आकडा खरा. एका प्रचलित रेस इंजिनमध्ये इनटेक ०.१० ते ०.१५ मिमी, एक्झॉस्ट ०.१७ ते ०.२२ मिमी असते. तुमच्या मॉडेलचा आकडा वेगळा असू शकतो.

स्क्रू टॅपेट असेल तर तिथल्या तिथे सेट करा. शिम (गॅप ठरवणारी ठरावीक जाडीची चकती) असेल तर हिशोब असा: नवा शिम = जुना शिम + मोजलेली गॅप − हवी असलेली गॅप. समजा इनटेकला ०.०७ मिमी मिळाली आणि जुना शिम १.८० मिमी आहे. मधली गॅप ०.१३ धरली तर १.८० + ०.०७ − ०.१३ = १.७४. शिम बहुधा ०.०५ च्या टप्प्यात मिळतात, म्हणून १.७५ घ्या, गॅप ०.१२ येईल. जुन्या शिमवरचा छापील आकडा मानू नका, मायक्रोमीटरने मोजा.

कॅम काढण्याआधी टेन्शनर सोडा, टायमिंग चेन तारेने बांधून ठेवा आणि चेनच्या बोगद्यात स्वच्छ फडकं कोंबा. खाली पडलेला एक शिम म्हणजे संपूर्ण इंजिन उघडणं. जोडल्यावर इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून गॅप पुन्हा मोजा. एकदा पातळ शिम टाकून काही तासांतच गॅप परत कमी झाली, तर तिसरा शिम विकत घेऊ नका. तो व्हॉल्व्ह संपला आहे.

कॉम्प्रेशन आणि टायमिंग

नुसत्या कॉम्प्रेशन गेजवर विसंबू नका. ऑटो-डीकॉम्प्रेसरमुळे (किक सोपी व्हावी म्हणून दाब थोडा सोडणारी योजना) किकच्या वेगाला आकडा कमीच दिसतो. लीक-डाउन टेस्ट करा, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती गळते ते मोजा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला, क्रँक पान्याने घट्ट धरलेला, कारण हवेचा दाब पिस्टन खाली ढकलतो. १० टक्क्यांपर्यंत गळती चांगली, २० च्या वर गेली तर इंजिन उघडायची तयारी. आवाज कुठून येतो ते ऐका: कार्बमधून फुसफुस म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून म्हणजे एक्झॉस्ट, ऑइलच्या झाकणातून म्हणजे रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे हेड पॅकिंग. रिंगांबद्दल खात्री हवी असेल तर प्लगच्या भोकातून ५ मिली इंजिन ऑइल सोडून कॉम्प्रेशन पुन्हा मोजा. आकडा लक्षणीय चढला तर रिंगाच.

हेही ठीक निघालं आणि गाडी किक उलटी मारते, कार्बमधून थुंकते, तर टायमिंग सरकलं आहे. टेन्शनर अडकला की चेन एक दात उडी मारते; कॅमच्या खुणा हेडच्या कडेशी जुळतात का ते पाहा. जुळत असतील तर मॅग्नेट पुलरने काढा, हातोडीने नाही, आणि क्रँकवरची अर्धचंद्र चावी बघा. ती अर्धी कातरली गेली तरी मॅग्नेट थोडा सरकतो आणि स्पार्क चुकीच्या वेळी पडतो. चावी नवी टाका, क्रँक आणि मॅग्नेटचे दोन्ही टेपर कोरडे आणि तेलविरहित पुसा, आणि नट मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच आवळा. ओलसर टेपरवर बसवलेला मॅग्नेट पहिल्याच जोरदार उडीला पुन्हा सरकू शकतो.